गॅस गेला कुठे?

नागपुरात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की सकाळी आठलाच माझ्या गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागते. गाडी थांबायच्या आत काच खाली होते आणि आतून ठरलेलं वाक्य येतं, "भाऊ, एसीत गॅस भरून द्या." बावीस वर्षं मी फक्त गाड्यांच्या एसीचंच काम करतो आहे. माझा उलट प्रश्नही ठरलेला असतो: आधीचा गॅस गेला कुठे?

पेट्रोल जळतं म्हणून संपतं. एसीतला गॅस जळत नाही, बंद नळ्यांतून गोल फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो. बंपरमागच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो बाहेरच्या हवेला उष्णता देऊन द्रव होतो. मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटला की दाब उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळायला लागतो. आर-१३४ए हा गॅस मोकळ्या हवेत उणे २६ अंशांनाच उकळतो. उकळायला लागणारी उष्णता तो तुमच्या केबिनमधून ओढून घेतो, आणि आपण म्हणतो एसी गार करतोय. रबरी होज आणि ओ-रिंगमधून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो, ते चालायचंच. पण मार्चमध्ये भरलेला गॅस मेमध्ये नसेल, तर कुठेतरी भोक आहे. आणि गॅस जागच्या जागी असेल, तर दुखणं दुसरंच आहे.

गेल्या नवतपात हिंगणघाटहून एक गृहस्थ आले. वडिलांना दर आठवड्याला उपचारांसाठी नागपूरला आणावं लागायचं. मागच्या सीटवर वडील, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून बसलेले. दोन महिन्यांत दुसरीकडे दोनदा गॅस भरून झाला होता. "हायवेला बरा चालतो हो, शहरात शिरलं की गरम वारा," असं ते म्हणाले. माझं निम्मं काम या एका वाक्यानं केलं. गाडी पळते तेव्हा कंडेन्सरला वारा आपोआप मिळतो. सिग्नलला मिळत नाही. गॅस कमी असता तर हायवेलाही रड असती.

तरी गेज लावलं. निळा काटा कमी दाबाच्या बाजूचा, लाल जास्त दाबाच्या. इंजिन बंद असताना दोन्ही काटे सारखेच उभे राहतात. तो आकडा बघून कोणी "गॅस फुल आहे" म्हणालं, तर विश्वास ठेवू नका. नळ्यांत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी दाब तेवढाच दिसतो. इंजिन सुरू करून एसी लावला, तसा लाल काटा ३४० पीएसआयच्या वर चढला. मुलाला सांगून कंडेन्सरवर बादलीभर पाणी हळूहळू ओतायला लावलं. काटा डोळ्यांसमोर खाली आला आणि व्हेंटमधून गार वारा सुटला. पाणी थांबलं, काटा पुन्हा वर.

बंपर उतरवला. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत जुन्या गादीतून निघावा तसा करडा, दाबून बसलेला कापसाचा थर होता. गृहस्थ जिनिंगमध्ये कामाला, गाडी हंगामभर आवारात उभी. उडालेली रुई पंख्यानं ओढून घेतली आणि वरून धूळ बसत गेली. चिमटीत धरून ओढला तर थर सलग निघून आला, त्यावर जाळीचे ठसे उमटलेले. मग साध्या नळाच्या पाण्यानं आतून बाहेर धुतलं. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा इथे मारू नये, पातळ पाती वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

यंत्रानं गॅस काढून वजन केलं, तर ५६० ग्रॅम. बॉनेटखालच्या पट्टीवर कंपनीनं छापलेला आकडा ४०० ग्रॅम. दोनदा वरून ओतलेला गॅसच आता दाब वाढवत होता. जास्त भरला की गारवा कमी होतो, हे अनेकांना पटत नाही. व्हॅक्यूम करून ४०० ग्रॅम मोजून भरला. जागेवर उभ्या गाडीत, बाहेर ४३ अंश असताना, व्हेंटचा थर्मामीटर २१ वरून १२ वर आला. म्हाताऱ्या बाबांनी दुपट्टा काढून मांडीवर ठेवला.

खरी गळती असते तिथे खूण सापडतेच. गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेल फिरतं, ते भोकातून बाहेर येतं आणि त्यावर धूळ चिकटते. जोडावर काळा, तेलकट डाग दिसला की मी तिथे साबणाचं पाणी लावतो. गळती दिसली नाही, तर नायट्रोजनचा दाब देऊन काटा किती वेळ टिकतो ते बघतो. कूलिंग कॉइल गळत असेल तर डॅशबोर्ड उघडावा लागतो, दिवस जातो. गिऱ्हाईक वैतागतं, पण त्याला दुसरा इलाज नाही. व्हॅक्यूमलाही अर्धा तास द्यावाच लागतो. आत राहिलेला ओलावा व्हॉल्व्हच्या तोंडाशी बर्फ होऊन बसतो.

गळती न शोधता गॅस भरणं मला पाप वाटतं, आणि ते फक्त पैशांसाठी नाही. आधीचा आर-१२ ओझोनच्या थराला खात होता, म्हणून १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो हद्दपार झाला. आर-१३४ए ओझोनला त्रास देत नाही, पण तापमानवाढीच्या हिशेबात त्याचा एक किलो हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० किलोंच्या बरोबरीचा. जो उन्हाळा आपल्याला सोसवत नाही, त्याच्यात आपणच भर घालायची का?

दिवाळीनंतर तुम्ही एसी बंद कराल तो थेट मार्चमध्ये लावाल. तसं करू नका. थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवा. तेल फिरतं, कॉम्प्रेसरचं सील कोरडं पडत नाही. उन्हाळ्याआधी कंडेन्सर धुऊन घ्या. आणि गॅस भरून घ्याल तेव्हा मेकॅनिकला दोनच गोष्टी बिलावर लिहायला सांगा: गळती कुठे होती, आणि किती ग्रॅम भरला.