टिपेश्वर : कापसाच्या शिवारातील एक बेट

आपल्या समाजातील कुटुंबांच्या प्रवासाची दिशा गेल्या पंधरा-वीस वर्षांत पुष्कळ बदलली आहे. आमच्या लहानपणी घरातील माणसे प्रवासाला निघत ती सम्मेदशिखर, पालिताणा किंवा जवळ म्हणजे शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला. आता उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की तरुण मंडळी युरोपचा नकाशा उघडून बसतात. ग्रीसची बेटे ही त्यातली नवी आवड. आमच्या नात्यातील एक कुटुंब नुकतेच तिकडे जाऊन आले. मोठ्या सहलीच्या गर्दीत न मिसळता त्यांनी केवळ स्वतःच्या कुटुंबापुरता मार्गदर्शक घेतला होता. जेवणाची वेळ आपली, थांबण्याची जागा आपली आणि प्रश्न विचारायला एक जाणकार माणूस सतत सोबत. खर्च अधिक झाला, पण तो सार्थकी लागला, असे घरातील सर्वांचे मत पडले.

त्यांच्या वर्णनात मला सर्वांत विलक्षण वाटले ते मिकोनॉसजवळचे डेलॉस हे लहानसे बेट. ग्रीक परंपरेत ते अपोलो देवाचे जन्मस्थान. बेटाचे पावित्र्य राखण्यासाठी अथेन्सच्या राज्यकर्त्यांनी इ. स. पू. ४२६ मध्ये तेथील थडगी उकरून हलवली आणि यापुढे बेटावर कोणी जन्मू नये व कोणी मरू नये असा दंडक घातला. आसन्नमरण माणसांना आणि प्रसूतीच्या स्त्रियांना शेजारच्या बेटावर नेत असत. चार वर्षांनी तर मूळ रहिवाशांनाच बाहेर काढले गेले. पुढे इ. स. पू. १६६ च्या सुमारास रोमने डेलॉसला जकातमुक्त बंदर केले आणि पूर्व-पश्चिमेचे व्यापारी तेथे येऊन संपन्न झाले. आज तेथे भग्न स्तंभ आणि पेढ्यांचे अवशेष उरले आहेत. प्रवाशांनी सकाळी नावेने जावे आणि त्याच दिवशी परत फिरावे, असा नियम आहे.

माणसांना बाहेर काढून राखलेली, दिवसा पाहून संध्याकाळच्या आत सोडावी अशी एक जागा आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात आहे. तिच्याभोवती समुद्र नाही, कापूस आणि तुरीची शिवारे आहेत. ती जागा म्हणजे टिपेश्वर अभयारण्य. नागपूर, हैदराबादची मंडळी तेथे मुद्दाम येतात. पांढरकवड्याच्या बाजारात ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या अशा आपल्या कित्येक घरांतून मात्र अद्याप कोणी तेथे पाऊल टाकलेले नाही. म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही केलेल्या एका सकाळच्या फेरीचा वृत्तांत येथे देत आहे.

टिपेश्वर हे सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे अभयारण्य. टेकडीवरील टिपाई देवीवरून त्याला हे नाव मिळाले. यवतमाळहून पांढरकवडा सुमारे सत्तर किलोमीटर. तेथून नागपूर-हैदराबाद महामार्गाने तेलंगणाच्या दिशेने निघाले की सुन्ना प्रवेशद्वाराकडे जाता येते. माथनी हे दुसरे प्रवेशद्वार. आत स्वतःच्या मोटारीने मनाला येईल तसे फिरता येत नाही. उघडी जिप्सी घ्यावी लागते आणि सोबत स्थानिक मार्गदर्शक असतो. एका जिप्सीत सहा प्रवासी बसतात, म्हणजे एका कुटुंबाने संपूर्ण गाडी आपल्यापुरती घेतली की ग्रीसमधील त्या व्यवस्थेचा लाभ येथेही मिळतो. आम्ही पाच जण होतो : मी, सौ., मोठे बंधू, वहिनी आणि कॉलेजात शिकणारा नातू.

आम्ही सकाळची फेरी निवडली. दुपारची फेरी संपेपर्यंत सूर्य मावळतो आणि चौविहार पाळणाऱ्यांची अडचण होते. सकाळी आत जाताना काही खाण्याचा प्रश्नच येत नाही. बाहेर येईपर्यंत नवकारसीची वेळ केव्हाच टळलेली असते. खाकरे, मेथीच्या पुऱ्या आणि उकळलेले पाणी आम्ही गाडीत ठेवून दिले होते. थंडी मात्र कडक असते. उघड्या गाडीत कान बांधून बसावे.

आमचा मार्गदर्शक जवळच्याच खेड्यातील पंचविशीचा तरुण होता. पहिली दहा मिनिटे तो काहीच बोलला नाही, केवळ रस्त्याच्या धुळीकडे पाहत होता. मग गाडी थांबवून म्हणाला, "साहेब, हा पंजा पाहा. चौकोनी दिसला तं नर, लांबट दिसला तं मादी. ही मादी हाय." त्यानंतर त्याने आम्हांला ऐकायला शिकवले. वानर खोकल्यासारखा आवाज काढते, चितळ तीक्ष्ण शीळ घालते, सांबर ढाँक करून ओरडते. हे तिन्ही आवाज एका दिशेने आले तर तेथे वाघ किंवा बिबट असण्याचा संभव फार. एकट्या चितळाच्या ओरडण्यावर त्याचा फारसा विश्वास नव्हता. बँकेत एका सहीवर रक्कम देत नसत, दुसरीही पडताळत, त्याची मला आठवण झाली.

सागाची मोठी पाने पिवळी पडू लागली होती. मोह, तेंदू, धावडा ही झाडे त्याने दुरून ओळखून दाखवली. एका झाडाच्या सालीवर अस्वलाच्या नखांचे ओरखडे होते. उघड्या माळावर रोही चरत होते. नातवाने चौशिंगा विचारला, तेव्हा त्याने झुडपाच्या आडोशाला उभे असलेले एक लहान हरिण दाखवले. चार शिंगे असणारा हा प्राणी भारत आणि नेपाळखेरीज कोठेही निसर्गतः आढळत नाही.

पुढे एक विस्तीर्ण गवताळ मैदान लागले. कडेला आंबा आणि चिंच अशी जुनी झाडे होती. जंगलात आंबा-चिंच एकत्र दिसली की तेथे कधीकाळी वस्ती होती असे समजावे, असे तो म्हणाला. अभयारण्याच्या आतील टिपेश्वर आणि मारेगाव ही गावे बाहेर वसवली गेली. जेथे ज्वारी-कापूस पिकत होता तेथे गवत वाढले, गवतामागून चितळ आले आणि चितळांमागून वाघ. ज्या गावाचे नाव या अभयारण्याला मिळाले, ते गाव आज त्यात नाही. डेलॉसच्या रहिवाशांची गोष्ट मला येथे आठवली. कोणतीही जागा राखली जाते तेव्हा तिची किंमत कोणीतरी मोजलेली असते.

पाणवठ्याजवळ आम्हांला वाघीण दिसली. चार-पाच मिनिटे ती पाण्याच्या काठाशी बसून होती. मग उठून सावकाश झाडीत गेली. वहिनींनी हात जोडले. कोणी काही बोलले नाही. मार्गदर्शकाने आवाज खाली आणून सांगितले, "हिचे पिल्लं आता मोठे झाले. येत्या पावसाळ्यात निघतीन. इथं त्याइले जागा नाही."

टिपेश्वर समजून घ्यायचे तर हे वाक्य लक्षात ठेवले पाहिजे. वयात आलेल्या वाघाला स्वतःचे क्षेत्र लागते. १४८ चौरस किलोमीटरमध्ये अशी क्षेत्रे मोजकीच मावतात. बाकीच्यांना बाहेर पडावे लागते आणि बाहेर पडताच शेती सुरू होते. याच अभयारण्यात जन्मलेल्या एका तरुण वाघाच्या गळ्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी संदेश पाठवणारा पट्टा बसवला होता. त्या पावसाळ्यात तो टिपेश्वरहून निघाला. महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या जिल्ह्यांतून, शेते, नाले, रस्ते ओलांडत तो वर्षाअखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोवर आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत मिळून त्याची चाल ३००० किलोमीटरांहून अधिक भरली. भारतात नोंदल्या गेलेल्या वाघांच्या भ्रमंतीत ही सर्वांत मोठ्यांपैकी एक. ज्ञानगंगेत त्याला जागा मिळाली, पण तेथे दुसरा वाघ नव्हता.

दुसरी कहाणी आपल्या जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. राळेगाव-पांढरकवडा भागातील 'अवनी' या वाघिणीवर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या परिसरात तिला गोळी घालण्यात आली. मागे तिची दोन बछडी उरली. मोठ्या शहरांतून निषेध झाला आणि इकडच्या गावांतून फटाके वाजले. आपल्या घरांतही तेव्हा दोन तट पडले होते. जीवदयेच्या संस्कारात वाढलेल्या माणसाला गोळी पटणे अवघड. पण ज्यांच्या घरची माणसे शेतातून परतली नाहीत, त्यांना उपदेश करणेही तितकेच अवघड.

फेरी संपताना मोठ्या बंधूंनी त्या तरुणाला सरळ विचारले, "तुम्हांला वाघ नकोसा नाही का वाटत?" तो थोडा वेळ थांबून म्हणाला, "असं कसं म्हणू काका? जिप्सीवर घर चालते आमचं. पण माह्या मामाचं वावर तिकडं दुसऱ्या बाजूनं जंगलाले लागून हाय. तिथं कापूस येचाले बाया जात नाहीत. म्हणतात, आधी कोणी माणूस उभा ठेव. मामाले या वाघाचं काय भेटते?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणाजवळ नव्हते. व्यापारी माणसाला मात्र तो चटकन समजतो. वाघाच्या खतावणीत जमा एकाच्या खात्यावर पडते आहे आणि नावे दुसऱ्याच्या. प्रवेशद्वारालगतच्या गावात मार्गदर्शक, जिप्सीचालक, राहण्याची सोय करणारे यांना रोजगार मिळतो. जंगलाच्या इतर कडांवरील शेतकऱ्याच्या वाट्याला रानडुकरांनी उकरलेले पीक, रोह्यांनी खाल्लेली तूर आणि रात्रीची जागल येते. कापसाची वेचणी हाताने होते, ती बहुतांशी स्त्रिया करतात आणि वेचणीच्या दिवसांत पराटी कमरेपर्यंत, तर शेजारची तूर माणसाच्या डोक्याहून उंच झालेली असते. वाकून वेचणाऱ्या बाईला चार हातांवरचे दिसत नाही. मी नोकरीत असताना पीककर्जाच्या अर्जांत बियाणे, खत, फवारणी, मजुरी या सर्वांचे रकाने भरलेले पाहिले. जागलीचा रकाना कोणत्याही अर्जात नव्हता, आणि रात्र तर शेतकऱ्याची जातच होती.

हा कापूस शेवटी कोठे येतो? आपल्या अडतीवर, आपल्या जिनिंगमध्ये. हीच तूर आपल्या दालमिलमध्ये येते. त्यामुळे टिपेश्वरच्या कडेवरील गावांचा प्रश्न हा केवळ वनखात्याचा आणि प्राणिमित्रांचा आहे, असे आपल्याला म्हणता येणार नाही.

यातून एक सूचना मनात आली, ती वाचकांपुढे ठेवतो. जीवदयेसाठी आपला समाज पांजरापोळ आणि गोशाळांना मुक्तहस्ताने देतो, आणि ते उचितच आहे. त्यातील थोडा भाग जंगलालगतच्या शेतांच्या सौर कुंपणासाठी देता येईल का? या कुंपणाचा झटका क्षणिक असतो. जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. उलट कंटाळलेला शेतकरी रानडुकरांसाठी तारेत थेट वीज सोडतो, तेव्हा तीत डुकरे मरतात, वाघ मरतात आणि कधी माणसेही मरतात. विदर्भात हे अनेकदा घडले आहे. एका कुंपणाने पीक वाचते, जनावर वाचते आणि शेतकऱ्याची झोप वाचते. अर्थात कुंपणाने वाघाचा प्रश्न पूर्ण सुटत नाही. वेचणीला टोळीने जाणे आणि राखणीला माणूस उभा करणे हे करावेच लागेल. त्या राखणदाराच्या मजुरीत कापूस घेणाऱ्याने हातभार लावला, तर तो दानाइतकाच व्यवहारही ठरेल.

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडी माहिती. पावसाळ्यात फेऱ्या बंद असतात. हिवाळ्यात जंगल सुंदर दिसते, उन्हाळ्यात पाणी आटल्यामुळे प्राणी पाणवठ्यावर अधिक दिसतात. आरक्षण आधी करावे आणि ओळखपत्र सोबत ठेवावे. मातकट रंगाचे कपडे घालावे आणि अत्तर लावू नये. लहान मुलांना शांत बसण्याचे महत्त्व घरीच समजावून आणावे. वाघ दिसेलच अशी हमी कोणी देत नाही, आणि जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

मार्गदर्शकाला ठरलेल्या शुल्काखेरीज आपल्या इच्छेने काही द्यावे. परंतु त्याहून अधिक म्हणजे त्याला प्रश्न विचारावेत. वाघ कोठे आहे हे तो सांगेलच. त्याचे गाव कोणते, शेत कोणत्या बाजूला आहे, यंदा किती रात्री जागल केली, हेही विचारावे. आपल्याच शिवाराविषयी जे आपल्याला इतकी वर्षे दुकानात बसून कळले नाही, ते तीन-चार तासांत कळते.