शेपटीसाठी जागा

अंतराळवीराचा पोशाख माणसाच्या मापाने बेतलेला असतो. दोन हात, दोन पाय, एक डोकं. तोच शेकरूच्या अंगावर चढवायचा म्हटलं की सगळं अडतं ते शेपटीपाशी. धडाइतकी, कधी त्याहूनही लांब, झुपकेदार, आणि भीमाशंकरच्या रानात वीस-वीस फुटांच्या उड्या घेताना तोल सांभाळणारी शेपटी. ती पोशाखात दुमडून कोंबली तर शेकरू ओळखूच येत नाही. मोकळी सोडावी, तर बाहेर हवाच नाही. "मावशी, तिच्या शेपटीला थंडी नाही का वाजणार?" भाचीने विचारलं, आणि मी शेपटीसाठी पेटीच्या भात्यासारखी घडीघडीची वेगळी नळी काढली. भात्याच्या कडा ब्रशने, जाड. काचेच्या शिरस्त्राणातून दिसणारे कानांवरचे केस मात्र बारीक निबने, एकेक.

माझ्या चित्रकथेत दोघी आहेत. भीमा हे शेकरू, आणि काजळ हे लोणारच्या विवरातल्या एका पडक्या देवळातलं वटवाघूळ. काळ्या बसाल्टमधलं ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आकाशातून आदळलेल्या दगडाने खोदलं. आपलं घर ज्याने घडवलं तो दगड आला कुठून, हे काजळला पाहायचं आहे. म्हणून दोघी लघुग्रहांच्या पट्ट्याकडे निघाल्या आहेत. साहसकथेला याहून मोठं कारण लागत नाही असं मला वाटतं. शत्रू, युद्ध, साम्राज्य यातलं काही मी घेतलेलं नाही.

बोलणारे प्राणी आपल्याला नवे नाहीत. पंचतंत्रातले करटक आणि दमनक कोल्हे असले तरी त्यांचं राजकारण माणसांचंच आहे, आणि ते तसंच असायला हवं. त्या कथा राजपुत्रांना शहाणं करण्यासाठी रचलेल्या. विज्ञानकथेत मात्र मला प्राण्याचं शरीर हवं असतं. तिथे शरीर हाच खरा प्रश्न असतो आणि उत्तरही बहुतेक वेळा त्याच्यातच सापडतं.

भीमाची शेपटी याच वाटेने मला मोलाची झाली. वजनरहित अवस्थेत पाय टेकायला जमीन नाही, धरायला फांदी नाही. मग वळायचं कसं? फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी १८९४ साली खाली पडणाऱ्या मांजराची ओळीने छायाचित्रं घेतली. उलटं सोडलेलं मांजर कशाचाही आधार न घेता हवेतच वळतं आणि चार पायांवर उतरतं. अंगाचा एक भाग एकीकडे फिरवला की दुसरा उलट्या दिशेला फिरतो, या नियमावर ते सगळं चालतं. तो भीमालाही लागू आहे. शेपटी डावीकडे फेकली की धड उजवीकडे. हे एका पानावर दाखवायला मला सहा चौकटी लागल्या आणि त्या पानावर शब्द एकही नाही. मारे यांची छायाचित्रं समोर ठेवून मी प्रत्येक चौकटीत पाठीच्या कण्याची रेघ आधी ओढली, मगच अंग भरलं.

शेकरूची आणखी एक गोष्ट मला फार प्रिय आहे. संकट दिसलं की ते पुष्कळदा पळत नाही. खोडाला अंग चिकटवून निश्चल होतं. साहसकथेची नायिका ऐन धोक्यात धावत नाही, थांबते! कथानक तिथूनच वळलं. उल्कांच्या माऱ्यात ती यानाच्या पाठीला चिकटून राहते आणि मारा ओसरेपर्यंत हलत नाही. त्या एका क्षणाला मी अख्खं पान दिलं आहे. ग्रँट मॉरिसन यांनी लिहिलेल्या आणि फ्रँक क्वाइटली यांनी काढलेल्या २००४ च्या 'वी थ्री'त लष्कराने शस्त्र बनवलेले कुत्रा, मांजर आणि ससा आहेत. त्यातल्या चिमुकल्या चौकटी पाहताना प्रथम कळलं की प्राण्याचा काळही वेगळा काढता येतो. तिथे तो तुकड्या-तुकड्यांचा आहे. माझा लांब आणि स्थिर.

काजळचं काम याहून अवघड. ती किडे खाणाऱ्या जातीची, म्हणजे आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढणारी. तिच्या बऱ्याचशा हाका माणसाला ऐकू येणाऱ्या वीस हजार हर्ट्झच्या मर्यादेपलीकडच्या. यानात हवा आहे, तिथे तिचं जग मी काळ्या चौकटीत पांढऱ्या रेघांनी काढते: आधी जवळची कड उमटते, मग दूरची. पण लघुग्रहावर पाऊल टाकलं की हवा नाही, म्हणून हाक नाही आणि प्रतिध्वनीही नाही. रात्रीच्या काळोखात बिनधास्त उडणारं जनावर तिथे चाचपडतं. डोळे आहेत, पण आयुष्यभर तिने भरवसा ठेवला तो कानांवर. भीमा तिच्यापुढे आपली शेपटी धरते आणि काजळ ती पकडून चालते. या पानांवर 'धडाम', 'खळ्ळ' असं कुठलंही अक्षर मी येऊ दिलेलं नाही. दगड फुटतो तोसुद्धा मुका.

हे सगळं काढताना लायका सतत डोळ्यांसमोर असते. मॉस्कोच्या रस्त्यावरची भटकी कुत्री. ३ नोव्हेंबर १९५७ ला तिला स्पुटनिक-२ मधून वर पाठवलं, तेव्हा परतीची सोयच नव्हती. काही तासांतच ती अतिउष्णतेने गेली, आणि हे जगाला नीट कळलं २००२ साली. पुढे १९६३ मध्ये फ्रान्सने फेलिसेत या मांजरीला अल्जेरियाच्या वाळवंटातून दीडशे किलोमीटरहून उंच उडवलं. ती जिवंत उतरली, आणि दोनेक महिन्यांनी मेंदूच्या अभ्यासासाठी तिला मारण्यात आलं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. प्राण्याला अंतराळात नेणारी कुठलीही गोष्ट रचताना हे ठाऊक असायला हवं, असं मी मानते. म्हणून माझ्या कथेत जायचं ठरवतात त्या भीमा आणि काजळच, आणि यान चालवतातही त्याच.

सध्या लघुग्रहावरचं प्रकरण शाईत घेते आहे. परतीची पानं मात्र मी सगळ्यात आधी पूर्ण करून ठेवली. उष्णताकवच जाड काढलं आहे, यानाच्या दोन्ही अंगांना शीतकाचे पंख आहेत. उतरायची जागा लोणारच्या काठावरची. यानाचं दार आतून उघडतं, आणि त्याची कडी शेकरूच्या पंजाला सहज पोचेल इतक्या उंचीवर बसवली आहे.