पासवर्ड वर्गाच्या भिंतीवरच होता



मागच्या वर्षी मी माझ्या वर्गासाठी एक छोटं अँड्रॉइड ॲप बनवलं. आमची शाळा द्विशिक्षकी, तिसरी-चौथी माझ्याकडे. डीएडला असताना संगणकात माझी मजल पेंटमध्ये घर काढण्यापर्यंतच होती. ॲपचं सगळं शिकले ते टाळेबंदीत, व्हिडिओ बघत बघत.

ॲपचं काम साधं होतं. पडद्यावर गोष्ट येते, मूल ती मोठ्यानं वाचतं, आवाज रेकॉर्ड होतो आणि मी संध्याकाळी निवांत ऐकून कोण कुठे अडलं ते वहीत टिपते. दोन इयत्ता एकत्र सांभाळताना प्रत्येकाचं प्रकट वाचन रोज घेणं काय असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता रेकॉर्डिंग कोणाचं ते कळायला हवं, म्हणजे लॉगिन आलं. मी डोकं लावलं: नाव म्हणजे हजेरी क्रमांक, पासवर्ड म्हणजे जन्मतारीख. मुलांना लक्षात राहील, विसरली तर मला सांगता येईल. झालं काम.

पंधराच दिवसांत चौथीतल्या एका मुलीनं वाचणं बंद केलं. वर्गातही नाही, टॅबवरही नाही. चांगली जोडाक्षरांपर्यंत आली होती. विचारलं तर मान खाली. शेवटी तिच्या मैत्रिणीनं सांगितलं, "बाई, मधल्या सुट्टीत पोरांनी तिचं वाचलेलं लावलं होतं. ती अडखळते ना, तसं सगळे करून दाखवत होते."

मी त्या मुलाला विचारलं, "तुला तिचा पासवर्ड कसा कळला रे?" त्यानं निरागसपणे माझ्या खुर्चीमागे बोट दाखवलं. तिथे मी स्वतः रंगीत कार्डशीटवर केलेला वाढदिवस तक्ता होता. सगळ्यांची नावं, सगळ्यांच्या तारखा. हजेरी क्रमांक तर रोज सकाळी मीच मोठ्यानं घेते!

त्या मुलाला काय बोलणार? चूक माझी होती. त्या संध्याकाळी सगळी रेकॉर्डिंग पुसली, ॲप बंद केलं आणि ही साइन-इनची भानगड नीट शिकायची ठरवलं. त्यातलं जे मला समजलं ते इथे माझ्या भाषेत लिहिते, कारण हल्ली बरेच शिक्षक ॲप बनवताहेत.

पहिली गोष्ट म्हणजे मी पासवर्ड जसेच्या तसे साठवले होते. ते कधीच करायचं नाही. त्याचं हॅश करून ठेवतात. शेंगदाण्याचं कूट केलं की पुन्हा शेंगदाणे होत नाहीत, तसं. पुढच्या वेळी मुलानं पासवर्ड टाकला की त्याचंही कूट करायचं आणि दोन कुटं जुळतात का ते बघायचं. गंमत म्हणजे त्यात प्रत्येकासाठी वेगळं काहीतरी मिसळतात आणि त्याला खरोखरच मीठ म्हणतात. त्यामुळे दोन मुलांचा पासवर्ड एकच असला तरी कूट वेगळं निघतं. अर्थात हेसुद्धा स्वतः लिहायच्या भरीस पडू नये. मी फायरबेसची तयार सोय वापरली.

दुसरी गोष्ट समजायला मला जास्त वेळ लागला. 'गूगलनं साइन इन करा' हे बटण मला माझ्या आणि शेजारच्या शाळेतल्या सरांच्या खात्यासाठी हवं होतं. माझा विचार असा, की गूगलचं पान आपल्या ॲपच्याच आत उघडावं. पण तसं करायचं नसतं. ॲपच्या पोटात उघडलेल्या पानावर माणूस जे टाइप करतो ते ॲप बनवणाऱ्याला बघता येतं. म्हणून मोबाइल ॲपनं पासवर्ड विचारण्यासाठी फोनच्या ब्राउझरकडे जावं, असं २०१७ च्या आरएफसी ८२५२ या नियमावलीत स्पष्ट लिहिलं आहे. (या नियमावल्या कोणालाही फुकट वाचता येतात. भाषा आपल्या शासन निर्णयासारखीच, तीनदा वाचल्यावर कळणारी.)

ब्राउझरमधून परत येताना ॲपला एक चिठ्ठी मिळते. ती देऊन सर्व्हरकडून आत जायचा पास घ्यायचा. पण वाटेत ती चिठ्ठी फोनमधल्या दुसऱ्याच एखाद्या लबाड ॲपच्या हाती लागली तर? ॲपच्या आत गुपित शब्द लपवून उपयोग नाही. ॲप सगळ्यांच्या फोनवर असतं आणि उघडून बघता येतं. चौकटीवर ठेवलेल्या किल्लीसारखंच ते. इथे पुन्हा आपलं कूट कामाला येतं. ॲप दर वेळी एक नवा गुपित शब्द बनवतं आणि जाताना त्याचं फक्त कूट पाठवतं. परत येऊन चिठ्ठी देताना मूळ शब्द दाखवतं. सर्व्हर स्वतः त्याचं कूट करून आधीच्याशी ताडून बघतो. चिठ्ठी चोरणाऱ्याकडे शेंगदाणे कुठून येणार? या युक्तीला पीकेसीई म्हणतात. ती २०१५ ची आहे. मला समजली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी एकटीच हसले.

हे सगळं झाल्यावर ॲप माझ्या फोनवर छान चाललं आणि सरांनी प्ले स्टोअरवरून घेतल्यावर चाललंच नाही. त्रुटी क्रमांक १०. दोन रविवार गेले. माझ्या लॅपटॉपवर बनलेल्या ॲपवर माझ्या किल्लीची सही असते, स्टोअरवरून येणाऱ्या ॲपवर दुसऱ्या किल्लीची. त्या दुसऱ्या किल्लीचा ठसा फायरबेसमध्ये नोंदवायचा मी राहिले होते. कोणाला हाच क्रमांक दिसला तर आधी तिथे बघा.

ओटीपीचाही विचार केला होता. पण आमच्याकडे दिवाळीनंतर निम्मे पालक ऊसतोडीला जातात. मूल आजीजवळ, नंबर बापाच्या खिशात, बाप दुसऱ्या जिल्ह्यातल्या फडात. ओटीपी त्याला जाणार. परत येईपर्यंत कित्येकांचे नंबर बदललेले असतात आणि बंद पडलेला जुना नंबर कंपनी पुढे भलत्याच माणसाला देऊ शकते. 'एक नंबर म्हणजे एक माणूस' हे गृहीत शहरात तरी खरं आहे का, मला शंका आहे.

मग मी उलट्या बाजूनं विचार केला. गोष्ट वाचायला ओळख कशाला लागते? लागतच नाही. म्हणून आता घरी ॲप उघडलं की थेट गोष्टी दिसतात. लॉगिन नाही, नाव नाही, नंबर नाही. ओळख लागते ती फक्त आवाज साठवताना, आणि ते शाळेच्या टॅबवरच होतं. तिथे मूल बारा चित्रांतून आपली तीन चित्रं क्रमानं निवडतं. एकही चित्र पुन्हा न घेता १३२० जोड्या होतात. फार नाहीत, म्हणून पाच वेळा चुकलं की टॅब थांबतो आणि मला बोलवावं लागतं.

आत आलेल्या प्रत्येकाला सगळं ऐकू येतं असंही आता नाही. हे मुलाचं स्वतःचं रेकॉर्डिंग आहे का, किंवा विचारणारी मी आहे का, हे सर्व्हर दर वेळी तपासतो. आधी मी नुसतं बटण लपवलं होतं. लपवलेलं बटण म्हणजे नुसता पडदा, कुलूप नव्हे.

पालक सभेत हे सगळं सांगून संमतीपत्रावर सह्या घेतल्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूलच आहे आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते. एका आजीनं विचारलं, "आवाज कशाला ठेवायचा पण?" मी सत्राअखेर पुसेन म्हणाले. त्यांनी अंगठा दिला.

ती मुलगी मात्र महिनाभर टॅबजवळ फिरकली नाही. परवा आली. चित्रं निवडताना तिनं डाव्या हाताचा आडोसा केला, मी तोंड फिरवलं. अर्धं पान वाचलं, थांबली आणि म्हणाली, "बाई, हे कोणाला ऐकू येईल?"

"तुला आणि मला."

ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आणि मला पुसायचं असलं तर? बटण कुठंय?"

ते बटण मी बनवलंच नव्हतं. तिचं ते अर्धं पान मी तिच्यासमोर पुसलं. या रविवारी तेवढंच काम आहे.