कांबळे कुठले?

पुण्यात माणसाला नुसते नाव सांगून भागत नाही. नाव सांगितले की समोरचा विचारतो, "पूर्ण नाव?" पूर्ण नाव सांगितले की पुढचा प्रश्न तयारच असतो, "कांबळे म्हणजे कुठले?" प्रश्न गावाचा, पण विचारणाऱ्याला गाव नको असते. हे त्यालाही ठाऊक असते आणि आम्हालाही. आम्ही मुकाट्याने गावच सांगतो, तालुका-जिल्ह्यासकट सांगतो. मग तो बिचारा मान हलवून गप्प बसतो.

आम्ही बुधवार पेठेत एका पेढीवर गेली वीस वर्षे जमाखर्च लिहितो आणि रविवारी वस्तीतल्या विहारात बसून लोकांचे अर्ज भरतो. जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, रेशनकार्ड, जे असेल ते. दोन्हीकडे दिवसभर आडनावांशीच गाठ. यंदा आमच्या घरातच आडनावाचा प्रश्न उभा राहिला आणि त्या निमित्ताने आपल्या या कांबळे नावाचा मागोवा घ्यावा असे वाटले.

पेढीवरून निघून पाच-दहा मिनिटे चालले की पासोड्या विठोबाचे देऊळ लागते. या देवळापाशी पूर्वी पासोड्या, म्हणजे जाडीभरडी पांघरुणे, विकायला बसत, म्हणून विठोबा पासोड्या झाला. देवालासुद्धा पांघरुणावरून नाव पडते, तर माणसाचे काय! कांबळे म्हणजे घोंगडे. संस्कृतात कंबल, पालीत कम्बल, शेजारच्या कानडीत कंबळी. आमचे म्हातारे सांगत की गावकामगार महार रात्रीच्या गस्तीला निघे, सरकारी टपाल घेऊन पुढच्या गावाला जाई, तेव्हा त्याच्या हातात काठी आणि खांद्यावर कांबळे असे. त्यावरून हे नाव. ऐकायला बरे वाटते. पण घोंगडे धनगर विणतो आणि पांघरतोही, शेतकरी पावसात त्याचीच खोळ करतो. नुसत्या पांघरुणाने नाव पडायचे असते तर निम्मा देश कांबळे झाला असता. घोंगडे पुष्कळांच्या खांद्यावर होते, पण त्यावरून ओळखला गेला तो ज्याच्यापाशी दाखवायला दुसरे काही नव्हते तो, असे आम्हाला वाटते.

घोंगड्यावरून नाव पडलेला एक फार जुना माणूस आपल्या वाङ्मयात आहे. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात भगवान बुद्धांच्या काळच्या सहा आचार्यांची मते दिली आहेत. त्यांतला एक अजित केसकम्बली. केसांचे कांबळे पांघरायचा म्हणून केसकम्बली. यज्ञ, दान, परलोक यांपैकी काहीच न मानणारा हा पक्का नास्तिक होता. भगवंतांना त्याचे मत मान्य नव्हते, आणि केसांचे कांबळे म्हणजे थंडीत गार, उन्हाळ्यात गरम, सगळ्या वस्त्रांत वाईट वस्त्र, असेही ते अंगुत्तरनिकायात सांगतात. आम्ही काही त्याच्याशी सोयरीक जोडत नाही. पण अडीच हजार वर्षांपूर्वीचा एक विचारवंत घोंगड्याच्या नावाने ओळखला जात होता आणि त्याबद्दल त्याला कोणी हिणवलेले दिसत नाही, एवढे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता आडनाव म्हणून हे कधीपासून? दर १ जानेवारीला आपण सारे भीमा कोरेगावला जातो. गर्दीत स्तंभावरची नावे वाचणारे थोडे. ती जरूर वाचावीत. आपल्या शूर सैनिकांच्या नावांच्या शेवटी 'नाक' आहे, बापाच्या नावाच्या शेवटीही 'नाक' आहे. आज लावतो तशा आडनावाची तिथे गरज पडलेली नाही. माणसाचे नाव, बापाचे नाव, हुद्दा, संपले. गावातही तेच होते. आमच्या आजोबांना गाव एकेरी नावाने आणि पुढे जात लावून हाक मारी. कुळाचे नाव आपसांत, सोयरीक जुळवताना उपयोगी पडे, कारण एका कुळात लग्न होत नसे. ते गावाने विचारले नाही आणि आपल्या लोकांनी सांगितले नाही.

हे घरातले नाव चव्हाट्यावर आणले कागदाने. पलटणीचा पट, शाळेचे रजिस्टर, वतनाचा उतारा, गिरणीचा आणि कारखान्याचा मस्टर. प्रत्येक ठिकाणी रकाना होता आणि तो भरायचा होता. आमचे आजोबा कोल्हापूरकडून पुण्याला आले आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्यात लागले. तिथल्या हजेरीवर ते आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण तीन नावांचे माणूस झाले. पगाराच्या दिवशी साहेबाचा कारकून "कांबळे" म्हणून पुकारी, तेव्हा आजोबांना ती जातीची हाक वाटत नसे, मानाची वाटे. आज पुतण्याला हे सांगितले तर तो हसतो.

खुद्द बाबासाहेबांचे नावही कागदावरूनच घडले आहे. घराणे सकपाळांचे, गाव आंबडवे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत नाव दाखल झाले ते 'भिवा रामजी आंबेडकर'. शाळेच्या रजिस्टरातल्या त्या एका ओळीतले आडनाव आज जगभर गेले आहे. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात.

पुण्यातल्या कांबळ्यांना तर आणखी जवळचा पूर्वज आहे. रक्ताचा नसेल, पण पूर्वज. शिवराम जानबा कांबळे. 'सोमवंशीय मित्र' हे मासिक त्यांनी १९०८ साली पुण्यातून काढले. मुरळी सोडण्याच्या चालीविरुद्ध लिहिले. लष्करात आपली भरती पुन्हा सुरू करावी म्हणून १९१० साली थेट विलायतेच्या सरकारपर्यंत अर्ज पोचवला. १९२९ च्या पर्वती सत्याग्रहात ते पुढे होते. एक गंमत पाहा. समाजाला हीन नावाने हाक मारतात म्हणून त्या काळी त्यांनी 'सोमवंशीय' हे नाव पुढे केले, पण स्वतःचे कांबळे हे आडनाव तसेच ठेवले आणि त्याच नावाने अर्जाखाली सही केली. कोल्हापुरात शाहू महाराज सर्वांदेखत ज्यांच्या हॉटेलात चहा प्यायले, ते गंगाराम कांबळेही याच नावाचे.

आता कांबळे आहेत तरी कुठे? कोल्हापूर, सांगली हे आगर. तिथल्या कित्येक गावांत बौद्धवाड्यात शिरले की घरोघर कांबळेच. पोस्टमनने पत्र आणले तर बापाचे आणि आजाचे नाव विचारल्याशिवाय ते योग्य दारात पडत नाही. तिथून साताऱ्यात, सोलापुरात, पुण्यात. रत्नागिरीत आहेत. लातूर, धाराशिव, नांदेड या पट्ट्यात पुष्कळ. सरहद्द ओलांडून बेळगाव, विजापूर, बिदरकडेही आहेत. घरात मराठी, कचेरीत कानडी, आडनाव एकच. मुंबईत गिरण्या आणि गोदीमुळे गेले. उलट विदर्भात जा, तिथे आपले बांधव मेश्राम, गजभिये, रामटेके, वासनिक, खोब्रागडे असतात. नाशिक-खानदेशाकडे पगारे, अहिरे, सोनवणे, निकम. नागपूरचा आमचा एक स्नेही पुण्यात आला तेव्हा सभेच्या वहीत सह्या पाहून म्हणाला, "तुमच्याकडे एकाच कुटुंबाची चळवळ आहे काय?"

आणि हे नाव केवळ आपलेच आहे असेही नाही. मातंग समाजात कांबळे आहेत, चर्मकार समाजात आहेत, ख्रिस्ती झालेल्या घराण्यांत आहेत. म्हणजे "कांबळे म्हणजे कुठले?" असे विचारणाऱ्याला नावावरून जात कळते हा त्याचा भ्रम आहे. त्याला एवढेच कळते की आपण याला वेगळे बसवायचे. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मातंग समाजाचे होते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून ऑगस्ट १९७८ मध्ये दंगली झाल्या, तेव्हा जयभीम म्हणणे सोडले नाही म्हणून त्यांना जिवे मारले. बाबासाहेबांचे नाव विद्यापीठाला लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. नावात काय आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ही सोळा वर्षे मोजावीत.

आता घरातली गोष्ट. आमचा पुतण्या चोवीस वर्षांचा आहे, डिप्लोमा झाला आहे, हिंजवडीकडे नोकरीला लागला आहे. कामाच्या जवळ भाड्याने जागा पाहिजे म्हणून तीन महिने फिरला. फोनवर जागा रिकामी असते. भेटायला गेला की चहा होतो, पूर्ण नाव होते, आणि मग जागा "कालच गेली" असे कळते. एके ठिकाणी तर मालकीणबाईंनी सांगितले की आमच्याकडे फक्त शाकाहारी. हा म्हणाला, मीही शाकाहारी आहे. तरी जागा कालच गेली होती!

एका रविवारी तो विहारात आमच्या टेबलापाशी येऊन बसला आणि म्हणाला, "काका, माझाही एक अर्ज भरा. गॅझेटचा."

आम्ही कार्यकर्ते. आम्ही त्याला शिवराम जानबा सांगितले, पर्वती सांगितली, पोचीराम सांगितले. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाला, "काका, तुम्ही मला इतिहास देताय. मला वन रूम किचन पाहिजे."

याला उत्तर काय द्यायचे? आडनाव बदलणारा भित्रा, असे म्हणणारे आमच्या चळवळीत आहेत. आम्हाला ते मान्य नाही. आपल्यात किती तरी घरांनी गावावरून 'कर' लावून घेतले, किती जणांनी दुसरी आडनावे घेतली. धर्म बदलला, मरीआई सोडली, मग घोंगडे तेवढे का जपायचे, हा त्यांचा सवाल खोटा नाही. पण दुसरी बाजूही आहे. नाव बदलून खोली मिळाली तर ती नव्या नावाला मिळाली. मालकीण जिथल्या तिथेच राहिली. शिवाय आज आडनाव, उद्या भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो, परवा आजीने फोनवर म्हटलेला जयभीम. लपवायला सुरुवात केली की किती लपवायचे?

हा वाद घरी गेला. आमच्या आईने, म्हणजे त्याच्या आजीने, भाकरी थापता थापता निकाल दिला. "मी काय कांबळे म्हणून जन्माला आले व्हते? माझं आडनाव बदललं तवा कुणी मला इचारलं न्हाई, आन तुमी गड्यांनी दोन महिनं झालं तोंडं पाडल्याती."

आम्ही निरुत्तर झालो. खरेच आहे. आपल्या समाजातील स्त्रियांची जी आत्मचरित्रे आज देशात आणि देशाबाहेर वाचली जातात, त्यांतली दोन ठळक नावे म्हणजे शांताबाई कांबळे आणि बेबीताई कांबळे. दोघींपैकी एकही जन्माने कांबळे नाही. शांताबाई माहेरच्या बाबर, बेबीताई माहेरच्या काकडे. कांबळे नाव सर्वांत दूर नेले ते सुनांनी. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचे नाव, मग आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम महाराष्ट्रात झाला आहे. हे आईला सांगितले तर म्हणाली, "लय उशीर केला."

भावनेचा भाग सोडून कारकुनाचे चार शब्द सांगतो, कारण असे अर्ज घेऊन येणारी पोरे आमच्याकडे वाढली आहेत. नाव बदलण्याआधी जातीचा दाखला आणि पडताळणी पुरी करून घ्यावी. पडताळणीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, म्हणजे बहुधा आजाचा शाळेचा दाखला किंवा जमिनीचा उतारा. त्यावर जुने आडनाव आणि जुनी जातच असणार. १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळू लागल्या, तरी दाखल्यावर मूळ जात लिहावीच लागते. नातवाचे आडनाव वेगळे झाले की आजापासून नातवापर्यंतची साखळी गॅझेटची प्रत जोडूनच जुळते. ती प्रत जन्मभर जपावी. बँक, पॅन, आधार, मार्कशीट, सगळीकडे सारखेच नाव करून घ्यावे. अर्धे बदलले आणि अर्धे राहिले अशी माणसे आम्ही पाहिली आहेत. त्यांची निम्मी रजा झेरॉक्सच्या दुकानात जाते.

याच बुधवार पेठेचे नाव एके काळी मुहियाबाद होते. ते पेशवाईत बदलले. पेठ तिथेच आहे. पुतण्याला हेही सांगून पाहिले. तो म्हणाला, "पेठेला भाड्याने जागा शोधावी लागली नाही."

शेवटी अर्ज आम्हीच भरला. दुसऱ्याकडून भरून घेण्यापेक्षा तो बिनचूक तरी व्हावा. जुने नाव, वडिलांचे नाव, पत्ता. नवे आडनाव त्याने आमच्या मूळ गावावरून घेतले आहे. म्हणजे आता कोणी "कुठले?" म्हणून विचारलेच, तर गाव नावातच सापडेल. बदलाचे कारण या रकान्यापाशी आम्ही थांबलो आणि काय लिहू म्हणून विचारले. त्याने थोडा विचार केला आणि आमच्या हातून पेन घेऊन 'वैयक्तिक' असे लिहिले.