बाबांचं गाव, काउंटी मेयो

डब्लिन म्हटलं की आपल्याला आठवतात पब्ज, गिनेस आणि टेंपल बारचं म्युझिक. पण या शहरात जगभरातून माणसं येतात ती चक्क सरकारी रजिस्टरं चाळायला! कुणी पणजोबा शोधतं, कुणी खापरपणजोबा... आणि कुणी सख्खे वडील.

मी गेले होते ती वडील शोधणाऱ्या एका बाईसोबत. लंडनला शिकताना मी जिच्याकडे पेइंग गेस्ट होते, ती. जन्म १९७१चा. वडील आयरिश, बांधकामावर काम करायचे. ती चार वर्षांची असताना एका सोमवारी कामावर गेले, ते आलेच नाहीत. आईने विषयच बंद केला. आता तिच्या हातात दोन कागद होते. तिच्या बर्थ सर्टिफिकेटवर वडिलांचं जन्मठिकाण होतं, मेयो. आणि आईवडिलांच्या मॅरेज सर्टिफिकेटवर आजोबांचं नाव आणि व्यवसाय, शेतकरी. बस्स!

आयर्लंडमध्ये रेकॉर्ड शोधणं सोपं नाही. ३० जून १९२२ला यादवी युद्धात फोर कोर्ट्समधलं पब्लिक रेकॉर्ड ऑफिस स्फोटात उडालं. कित्येक शतकांचे कागद खाक! जन्म-मृत्यूची रजिस्टरं दुसरीकडे होती म्हणून वाचली. ती आज इंटरनेटवर फुकट बघता येतात, पण गंमत बघा : जन्माची नोंद १०० वर्षं जुनी हवी, लग्नाची ७५, मृत्यूची ५०. म्हणजे पणजोबा घरबसल्या सापडतील, बाबा नाही!

त्यासाठी वेरबर्ग स्ट्रीटवरची जनरल रजिस्टर ऑफिसची रीसर्च रूम गाठायची. टेबलं, जाडजूड इंडेक्स, कुजबुज. आडनाव आपल्या जोशी-पाटलांइतकं कॉमन, त्यामुळे मेयोतल्या तीन नोंदी जुळल्या. तिन्हींच्या फोटोकॉपी काढल्या. तिसरीवर आजोबांचं नाव होतं, शेतकरी होतं आणि गावाचं नावही होतं. ती कितीतरी वेळ त्या नावावर बोट ठेवून बसली.

मी विचारलं, ‘मृत्यूचा इंडेक्स बघू या?’

‘नको,’ ती म्हणाली. ‘आधी पत्र.’

दुसऱ्या दिवशी ह्यूस्टन स्टेशनवरून वेस्टपोर्टची ट्रेन. तीन तासांहून जास्त प्रवास, खिडकीबाहेर हिरवी कुरणं आणि रचलेल्या दगडांच्या भिंती. मग टॅक्सी. मागे क्रोग पॅट्रिकचा सुळका, ७६४ मीटर उंच. गाव म्हणजे चारपाच घरं. एका पांढऱ्या घराच्या धुराड्यातून धूर येत होता. घर तेच, टॅक्सीवाल्याने सांगितलं.

आम्ही दार वाजवलं नाही. आत कोण असेल, त्यांना हिच्याबद्दल काही माहीत असेल का, कुणास ठाऊक! अशा वेळी अचानक उंबरठ्यावर उभं राहायचं नसतं; समोरच्याला ‘नाही’ म्हणायची जागा ठेवायची असते. वेस्टपोर्टला परतून तिने अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं. पैसे नकोत, जाब नको, फक्त फोन नंबर. आयर्लंडच्या टिपिकल हिरव्या पोस्टाच्या पेटीत टाकलं.

उत्तर अजून नाही. आपल्याकडे नवी ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला, ‘मूळ गाव कुठलं?’ मी लंडनला हाच प्रश्न विचारला होता, तेव्हा तिने खांदे उडवले होते. परवा फोनवर मात्र तिने गावाचं नाव सांगितलं. उच्चार चुकत होता, म्हणून दोनदा सांगितलं.