दवाखान्यातला माणूस काढ

‘भीती वाटते का रे?’ हा प्रश्न मी लहान मुलांना विचारत नाही. सहा-सात वर्षांचं पोर आधी आईकडे बघतं, मग ‘नाही’ म्हणतं. बाबा सोबत असले तर ते ‘नाही’ जरा जास्तच ठणठणीत येतं. म्हणून बाहेरच्या खोलीत मी एक बुटकं टेबल ठेवलंय. त्यावर कोरे कागद आणि मेणाचे खडू. सांगायचं एवढंच : दातांच्या दवाखान्यातला एक माणूस काढ.

ही युक्ती माझी नव्हे. अमेरिकेत क्लॅटवर्दी आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली ‘चाइल्ड ड्रॉइंग : हॉस्पिटल’ ही पद्धत मांडली, ती रुग्णालयात दाखल झालेल्या ५ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी. कागद एक, खडू आठ रंगांचे. माणूस कागदाच्या मानाने केवढा, चेहरा कसा, रंग किती वापरले, उपकरणं दिसतात का, अशा १४ मुद्द्यांना १ ते १० गुण. अवयव गाळला किंवा भलताच मोठा काढला, तर त्याचे वेगळे. शेवटी एकूण चित्राचे. बेरीज १३० किंवा त्याहून वर गेली तर चिंता नेहमीपेक्षा जास्त समजायची. पुढे आम्हा दातवाल्यांनीही ती वापरून पाहिली.

गुण मी मांडते, पण त्यांच्यावर फार विसंबत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाचा माणूस म्हणजे बहुतेकदा एक डोकं आणि त्यालाच फुटलेले हातपाय. मान नाही म्हणून तो घाबरलाय असं कसं म्हणायचं? मानसशास्त्रज्ञ गुडइनफबाईंनी १९२६ साली असल्याच चित्रांतल्या मान-बोटांवरून मुलांची बुद्धी मोजली होती. शिवाय आमच्याकडे आज्या असतात. ‘अरे, बोटं कुठायत त्याची? कान काढ की!’ आजी शेजारी बसली की चिंतेचे गुण झपाझप उतरतात.

मला बेरजेपेक्षा चित्रात काय आलं, आणि आधी काय आलं, ते बघायचं असतं. दुसरीतल्या एका मुलाने आधी खुर्ची काढली. ती एवढी वाढली की माणसाला कोपराच उरला. मग डॉक्टर, आणि डॉक्टरच्या हातात हाताहून लांब सुई. खुर्चीतल्या मुलाला हातच नव्हते. मी विचारलं, हे काय? म्हणाला, ‘इंजेक्शन. मस्ती केली की देतात.’ त्याच्या तोंडात तोवर कुणी सुई घातलेली नव्हती. हा त्याचा पहिलाच दवाखाना. आई एकदम मोबाइलमध्ये बघायला लागली.

एका मुलीच्या चित्रात सुई नव्हतीच. डॉक्टरच्या हाताभोवती नुसत्या नागमोडी रेघा, लाल खडू मोडेस्तोवर दाबून काढलेल्या. रक्त असेल असं मला वाटलं. ‘आवाज आहे तो,’ ती म्हणाली. थोरल्या भावासोबत आली होती तेव्हा बाहेर बसून एअरोटर, म्हणजे दात कोरायचं मशीन, ऐकला होता म्हणे. तिची किडलेली दुधाची दाढ फार खोल नव्हती. मशीनला हातच लावला नाही. हाताच्या बारीक चमच्यासारख्या हत्याराने कीड खरवडली आणि ग्लास आयोनोमर भरलं.

खुर्चीवाल्याची खुर्ची मात्र त्याच्याच हातात दिली. वर-खालीची बटणं त्याने दाबायची. मग आरसा त्याच्या हातात, वाऱ्याचा फवारा आधी त्याच्या नखावर, मग दातावर : सांगा, दाखवा, करा. ही रीत १९५९ मध्ये ॲडल्स्टन यांनी मांडली आणि अजून तिच्यावाचून आमचं पान हलत नाही. त्या दिवशी दात पुसून फ्लोराइड लावलं, बस्स.

निघताना आईने विचारलं, ‘पुढच्या वेळी टोचणार नाहीत असं सांगून आणू ना, डॉक्टर?’

म्हटलं, ‘नको ताई, तेही सांगू नका. टोचायची वेळ आली, तर त्याला मीच सांगेन.’