टक्के कशाचे?

अंधेरी असो, बोरिवली असो की मुलुंड, स्टेशनबाहेर आलं की आयव्हीएफची एखादी तरी पाटी दिसतेच. गुटगुटीत बाळ आणि शेजारी ठळक अक्षरांत यशाचे टक्के. आम्ही दोघं उपनगरातल्याच अशा एका सेंटरमध्ये जात होतो. नाव लिहीत नाही, कारण प्रश्न एका सेंटरचा नाहीये.

बायकोनं तिथे सरळ विचारलं, "हे टक्के कशाचे?" बऱ्याच टोलवाटोलवीनंतर कळलं, रक्ताची चाचणी पॉझिटिव्ह आली की त्यांच्या हिशेबी ते यश. पुढे गर्भ टिकला का, बाळ घरी आलं का, ते त्यात धरत नाहीत. आमचीही चाचणी एकदा पॉझिटिव्ह आली होती. सातव्या आठवड्यात सगळं संपलं. म्हणजे पाटीवरच्या टक्क्यांत आम्हीही 'यशस्वी'! पतपेढीचे हप्ते मात्र चालूच राहिले, कारण आरोग्य विम्यात वंध्यत्वाचे उपचार सहसा वगळलेलेच असतात.

मला जास्त लागतं ते हे, की असं आपल्या मुंबईत चालावं. ६ ऑगस्ट १९८६ ला हर्षा चावडाचा जन्म झाला तो परळच्या केईएममध्ये, म्हणजे महापालिकेच्या रुग्णालयात. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शेजारच्याच सरकारी प्रजनन संशोधन संस्थेतले डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं ते काम. देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिला मान्यता मिळाली, ती कामाची शास्त्रीय नोंद होती म्हणून.

त्याआधी, ३ ऑक्टोबर १९७८ ला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून अशीच एक मुलगी जन्मली होती. सरकारी समितीनं त्यांचा दावा फेटाळला. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. पुढे १९९७ मध्ये आनंद कुमार यांनी त्यांची टिपणं तपासली आणि जाहीर सांगून टाकलं, पहिला मान मुखोपाध्यायांचा. कागद वाचून स्वतःचा मान दुसऱ्याला देणारी माणसं या शास्त्रात होऊन गेलीत. आणि आज आपण पाटीवरच्या आकड्यावर घरातलं सोनं मोडतो.

२०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार दवाखान्यानं जोडप्याला आपल्याकडची यशाची शक्यता, खर्च आणि धोके सांगायलाच हवेत. उपचारांची माहिती राष्ट्रीय नोंदणीकडे द्यायलाही हवी. मग ती माहिती दवाखान्यानुसार लोकांसमोर का ठेवू नये? ब्रिटनमध्ये नियामक संस्था प्रत्येक दवाखान्याचे आकडे जाहीर करते. अमेरिकेत १९९२ पासून तसा कायदा आहे. आपल्याकडेही व्हायला हवं. आमदार-खासदार मत मागायला दारात येतील तेव्हा रस्ते-गटारांबरोबर हेही विचारा.

तोवर कुठल्याही सेंटरमध्ये पैसे भरण्याआधी एवढं लेखी मागा: गेल्या वर्षी माझ्या वयाच्या किती जणींचे उपचार सुरू केले आणि त्यातल्या किती जणी बाळ घेऊन घरी गेल्या? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर काय समजायचं ते समजा.